फाईल कुठे थांबते? मंत्रालयीन विभागात ई-ऑफिस आणताना

मंत्रालयात नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकतो : "फाईल वर आहे." वर म्हणजे अवर सचिवांच्या टेबलावर, उपसचिवांच्या कपाटावर की सहाव्या मजल्यावर, हे विचारायचं नसतं. ई-ऑफिस, म्हणजे फाईल कागदाऐवजी संगणकावर चालवणारी प्रणाली, आलं की हे वाक्य जाईल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच कार्यासनांत (विभागाच्या छोट्या शाखांत) ते फक्त थोडं लांबलं : "फाईल सिस्टीममध्ये वर आहे."

"अमुक तारखेपासून विभाग पूर्णपणे ई-ऑफिसवर" असं परिपत्रक हातात पडलंय आणि नोडल अधिकारी म्हणून नाव तुमचंच आहे, अशा कक्ष अधिकाऱ्यासाठी किंवा अवर सचिवासाठी हा लेख आहे. मी हे काम दोनदा केलं. पहिल्यांदा क्रम चुकला, म्हणून दुसऱ्यांदा करावं लागलं. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. एनआयसीचं (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ऑफिस आहे आणि ते पुरेसं आहे. तुमचं निम्मं काम पहिल्या लॉगिनच्या आधीचं आहे.

१. एका फाईलबरोबर चाला

विभागातलं एक साधं, वारंवार येणारं अंतर्गत काम निवडा. मी वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं निवडलं होतं. धोरणात्मक काही नाही, मंत्र्यांपर्यंत जात नाही, आणि अर्जदार आपल्याच विभागातला कर्मचारी असल्यामुळे रोज जिन्यात भेटून विचारतो.

त्या अर्जाबरोबर खरोखर चाला. बारनिशीत, म्हणजे टपाल घेणाऱ्या शाखेत, तो आवक होतो, शिक्का बसतो, क्रमांक पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात कार्यासनाकडे येतो. कक्ष अधिकारी त्यावर आद्याक्षरी करून एएसओकडे (सहायक कक्ष अधिकाऱ्याकडे) देतो, तो कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या आपल्या वहीत, उतरवतो. मग फाईल उघडते : उजवीकडे पत्रव्यवहार, डावीकडे टिप्पणी. टिप्पणीत "पृ. ३/प.वि. वरील अर्जाचे कृपया अवलोकन व्हावे" इथून सुरुवात (प.वि. म्हणजे पत्रव्यवहार विभाग). औषधांच्या पावत्यांची बेरीज, अनुज्ञेय नसलेल्या बाबींची वजाबाकी, प्रमाणपत्रं आहेत का याची तपासणी. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, आणि तिथून त्याच जिन्याने परत. मग आदेशाचा मसुदा, पुन्हा तोच जिना. मग रोख शाखा, देयक, अधिदान व लेखा कार्यालय.

एक वही घ्या आणि प्रत्येक मुक्कामावर दोनच गोष्टी लिहा : फाईल इथे किती वेळ पडून होती आणि तिच्यावर प्रत्यक्ष काम किती वेळ झालं. आमच्या वहीत दिसलं ते असं. खरं काम एकाच टेबलावर होतं, एएसओच्या. पावत्या मोजायला त्याला तास-दीड तास लागायचा. बाकी सगळीकडे काम मिनिटांचं आणि मुक्काम दिवसांचा. सगळ्यात लांब मुक्काम तर कुठल्याच अधिकाऱ्याकडे नव्हता. प्रमाणपत्र जोडलेलं नाही म्हणून अर्ज त्रुटीत जायचा, अर्जदाराला पत्र जायचं, उत्तर यायचं, आणि ते उत्तर बारनिशीत नवीन टपाल म्हणून आवक व्हायचं. जुन्या अर्जाशी त्याची गाठ पडायला पुन्हा आठवडा.

हे वहीत दिसल्याशिवाय संगणकाला हात लावू नका. पहिल्या वेळी आम्ही ही पायरी गाळली होती. तोच जिना आम्ही जसाच्या तसा पडद्यावर चढवला आणि फाईल त्याच पायऱ्यांवर, तितकीच, बसत राहिली.

२. पायऱ्या कापा, मग चढवा

वही हातात असेल तर वरिष्ठांशी बोलणं सोपं जातं. तीन प्रश्न विचारायचे. या पायरीवरचा अधिकारी कधी काही बदलतो का? बदलत नसेल तर त्याची सही कशासाठी? आणि हा निर्णय खालच्या पदाला अधिकार प्रदान करून देता येतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "आधीच दिलेला आहे" असं निघतं. अधिकार प्रदानाचा जुना आदेश स्थायी आदेश संचिकेत असतो, पण "साहेबांना दाखवून घेऊ" या सवयीने फाईल एक पायरी वर जातेच. तो आदेश शोधा, त्याची प्रत काढा आणि कार्यासनात लावा. नसेल तर नवीन काढून घ्या. ई-ऑफिसमध्ये फाईल कुणालाही पाठवता येते. मार्ग आपण आखून दिला नाही तर लोक सवयीच्या मार्गानेच पाठवतात.

इथे आपल्या हातात एक कायदाही आहे. बदल्यांचे विनियमन आणि दिरंगाईस प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, ज्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तात्काळ फाईल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, तातडीची ४ दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर ३ महिन्यांत. कागदावर हे मोजणं अशक्यच होतं, कारण फाईल टेबलावर कधी आली याची नोंद टेबलवाल्याच्याच हातात असायची. आता तारीख सिस्टीम टाकते. मुदती नव्याने ठरवण्याच्या बैठका घेऊ नका, कायद्यातल्याच घ्या. कुणी वाद घालत नाही.

त्रुटींचा घोळ मात्र वेगळ्या ठिकाणी मिटतो, दारातच. आम्ही प्रतिपूर्तीच्या अर्जासाठी एक पानाची तपासणी सूची केली आणि बारनिशीला सांगितलं की सूचीतली सगळी कागदपत्रं असल्याशिवाय आवक करायचं नाही. कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे सांगायचं, काय कमी आहे ते. विभागातल्याच कर्मचाऱ्यांच्या अर्जांना हे चालतं. नागरिकांच्या टपालाला हा नियम लावू नका. ते स्वीकारावंच लागतं. आमच्या अनुभवात सगळ्या संगणकीकरणापेक्षा या एका कागदाने जास्त दिवस वाचवले. हे मी विभागाच्या सादरीकरणात लिहिलं नाही, इथे लिहितो.

३. कायद्याचा पाया, थोडक्यात

"उद्या कोर्टात चालेल का?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. उत्तर तयार ठेवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, कलम ४ : लेखी असण्याची अट इलेक्ट्रॉनिक अभिलेखाने पूर्ण होते. कलम ५ : स्वाक्षरीचं तसंच. कलम ६ : शासकीय कार्यालयांतला वापर. कलम ७ : जतन. पुरावा म्हणून द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब म्हणून ज्याची धास्ती होती तेच, आता त्यात हॅश मूल्यही (अभिलेख बदललेला नाही हे दाखवणारा संगणकी ठसा) लिहायचं असतं. ते कोण देणार, हे आधीच पदनामाने ठरवून ठेवा.

शासन निर्णयांची तर आपल्याला सवय झालीच आहे. तळाशी संकेतांक आणि "हा शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे" हे वाक्य. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं शेवटचं पान डिजिटल आणि त्याच्या आधीची सगळी फाईल कागदाची असं चाललं होतं. मसुदा मान्य झाल्यावर त्याची छापील प्रत सही करून निवडनस्तीला (आदेशांच्या प्रती जपायच्या संचिकेला) लागायची, आणि संकेतस्थळावर तोच निर्णय पुन्हा चढवला जायचा.

टिप्पण्या माहितीच्या अधिकारात येतात हेही सांगून टाका. कागदावर पेन्सिलने लिहून खोडायची सोय होती, ती इथे नाही. ई-ऑफिसमध्ये पिवळी टीप आणि हिरवी टीप असे दोन प्रकार असतात. पिवळी म्हणजे कच्ची. ती बदलता येते, काढून टाकता येते. हिरवी पाठवली की ती कायमची. पेन्सिलवाल्या साहेबांना पिवळी टीप दाखवा, त्यांचा निम्मा विरोध मावळतो.

४. विषयसूची आणि "संकीर्ण" नावाचा आजार

कुठल्याही कार्यासनाची फाईल-यादी काढा. "संकीर्ण-२०१९/प्र.क्र.४५/कार्या-७" अशा फाईली रांगेने निघतील (प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक). संकीर्ण म्हणजे त्या दिवशी एएसओला विषय सुचला नाही. कागदावर हे खपत होतं, कारण ती फाईल कुठल्या कपाटात आहे हे एका माणसाच्या डोक्यात असायचं. तो माणूस निवृत्त झाला की फाईल हरवली.

ई-ऑफिसमध्ये फाईल उघडताना विषयाची शीर्षं आधी भरलेली लागतात. ती यादी एनआयसीच्या माणसाला करायला देऊ नका. प्रत्येक कार्यासनाच्या एएसओला आणि कक्ष अधिकाऱ्याला अर्धा दिवस एकत्र बसवा, गेल्या तीन वर्षांच्या कार्यविवरण नोंदवह्या समोर ठेवा आणि जे विषय खरोखर येतात तेवढेच लिहा. संकीर्ण हे शीर्ष ठेवू नकाच. चार दिवस आरडाओरडा होतो.

फाईलच्या विषयात माणसाचं नाव, पदनाम आणि काम या क्रमाने लिहायची शिस्त लावा. "वैद्यकीय देयकाबाबत" असा विषय असलेल्या दोनशे फाईली शोधात एकदम समोर आल्या की त्या कागदावरच बऱ्या होत्या असं वाटू लागतं.

५. मराठी नीट चालली पाहिजे

या पायरीवर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण मला भेटलेल्या कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत ती नव्हती.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर आपलं कामकाज मराठीत आहे, पण आपल्या संगणकातली मराठी एक नाही. जुने मसुदे सी-डॅकच्या आयएसएममधल्या सुरेख फॉन्टमध्ये असतात, काही श्रीलिपीत, काही शिवाजीत. ते ई-ऑफिसच्या टिप्पणीत चिकटवले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसतो. मग एएसओ काय करतो? जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, छापतो, स्कॅन करतो आणि ते चित्र जोडतो. फाईल पडद्यावर आली, पण त्यातला एकही शब्द शोधता येत नाही. अशी ई-फाईल म्हणजे कागदाचा फोटो.

म्हणून पहिला नियम : टिप्पणी थेट सिस्टीममध्ये, युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती), इनस्क्रिप्ट कळफलकावर (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना). जे मसुदे पुन्हापुन्हा लागतात, म्हणजे स्मरणपत्र, त्रुटीपत्र, मंजुरी आदेश, तेवढेच परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला. परिवर्तक आकडे आणि जोडाक्षरं हमखास चुकवतो. मंजुरी आदेशातल्या रकमेत एक आकडा इकडचा तिकडे होणं काय असतं ते रोख शाखेला विचारा.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. "अधिकाऱ्यांना" हा शब्द घ्या. जुन्या सवयीचा माणूस तो "अधिका-यांना" असा, मध्ये चक्क वजाबाकीचं चिन्ह टाकून लिहितो, कारण कधीकाळी त्याच्या फॉन्टमध्ये ते तसंच बरं दिसायचं. दुसरा एक जण साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून तो शब्द बनवतो. तिसरा ऱ वापरतो. शेवटच्या दोघांचा शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. शोधखिडकीत "कर्मचाऱ्यांच्या" टाकलं की निम्म्या फाईली सापडत नाहीत आणि लोक म्हणतात, सिस्टीमने फाईल खाल्ली.

उपाय साधा आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून र ची कळ मारली की ऱ येतो. मग हलन्त, मग य. एवढंच. ही एक ओळ मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक पडद्याखाली चिकटवा. "ॲ" चंही तसंच : एक अखंड अक्षर आहे, आणि अ वर चंद्र देऊनही ते बनवता येतं, दिसायला सारखी, शोधायला वेगळी. आकड्यांचं एकदाच ठरवा. प्र.क्र. मध्ये देवनागरी ४५ लिहायचे की इंग्रजी 45, काहीही चालेल, पण संपूर्ण विभागात एकच. आम्ही फाईलच्या विषयात देवनागरी आकडे ठरवले आणि पहिले तीन महिने अवर सचिवांनी चुकीची फाईल सरळ परत केली. चौथ्या महिन्यात त्यांना परत करायला काही उरलं नाही.

६. जुन्या कागदाचं काय

"सगळं स्कॅन करून टाकू" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. ठेकेदाराला पानामागे पैसे मिळतात, त्यामुळे त्याला सगळं स्कॅन करायला आवडतं.

आधी सहा गठ्ठे लावा. ही पद्धत जुनी आहे म्हणून तिला हसू नका. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचं, नष्ट करायचं : हे सहा ढीग झाले की स्कॅनिंगचा प्रश्न निम्म्यावर येतो. मग अभिलेख वर्गीकरण. अ वर्ग कायम ठेवायचा, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ ५ वर्षं, आणि ड वर्ग वर्षभरात निकाली. ड वर्गाच्या कागदाचं स्कॅनिंग म्हणजे रद्दीची छायाचित्रं. रीतसर यादी करून तो नष्ट करा.

स्कॅन करायचं ते या क्रमाने : आधी प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन, कारण त्यावर उद्या काम करायचं आहे, मग स्थायी आदेश, मग अ वर्ग. बाकी फाईल मागणी येईल तेव्हा. ३०० डीपीआय पुरतं, पीडीएफ-ए मध्ये (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफ प्रकार) साठवा. टंकलिखित मराठी पानांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी सोय) चालवून ठेवा, अचूक येत नाही पण शोधापुरतं येतं. हस्तलिखित टिप्पण्यांना ओसीआरचा उपयोग नाही. तिथे विषय, वर्ष आणि प्र.क्र. एवढी सूची हाताने भरा. पताका, म्हणजे संदर्भाच्या पानांना लावलेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, स्कॅन करण्यापूर्वी नुसत्या काढायच्या नाहीत, आधी त्यांची अक्षरं पानावर लिहून घ्यायची. नाहीतर "पताका 'ब' पहावी" हे वाक्य उरतं आणि 'ब' कुठे होती ते कुणालाच कळत नाही.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळाले. त्यानंतर क्षेत्रीय कार्यालयांकडून प्रती मागवून फाईली पुन्हा उभ्या करण्यात आल्या. त्या दिवसांत काम केलेली माणसं अजून विभागांत आहेत. स्कॅनिंगला विरोध करणाऱ्या सहकाऱ्याशी तुम्ही वाद घालत बसू नका, त्यांच्यापैकी एखाद्याशी त्याची गाठ घालून द्या.

७. कागद बंद करण्याची तारीख

सगळ्यात महाग पडते ती मिश्र फाईल. टिप्पणी सिस्टीममध्ये, पत्रव्यवहार कागदावर. किंवा ई-फाईल वर जाते आणि तिची छापील प्रत पाठोपाठ शिपाई घेऊन जातो, "साहेबांना वाचायला बरं पडतं" म्हणून. मग साहेब छापील प्रतीवर शेरा मारतात, आणि खाली बसलेला एएसओ तो शेरा सिस्टीममध्ये टाइप करतो. कुणाच्या लॉगिनने, ते विचारू नका.

तारीख ठरवा. त्या तारखेनंतर आलेलं प्रत्येक टपाल बारनिशीतच स्कॅन होणार, तिथेच आवक क्रमांक पडणार, आणि कार्यासनाकडे कागद जाणारच नाही. मूळ कागद बारनिशीत आवक क्रमांकाने, दिवसवार गठ्ठ्यात. न्यायालयीन प्रकरणं, मूळ प्रमाणपत्रं, बँक हमी यांच्यासाठी वेगळं कपाट आणि फाईलमध्ये त्या कपाटाचा उल्लेख. ठरलेल्या तारखेआधीची चालू फाईल कागदावरच संपवायची की सिस्टीममध्ये आणायची, याचा नियम एकच असावा. आमचा असा होता : महिन्याभरात निकाली निघणारी असेल तर कागदावर संपवा, नाहीतर स्कॅन करून आणा आणि कागदी फाईलवर "यापुढील कार्यवाही ई-फाईलवर" असा शेरा मारून ती बंद करा.

स्कॅनर मोजून घ्या. कार्यासनागणिक एक छोटा स्कॅनर देण्यापेक्षा बारनिशीत दोन चांगले फीडरवाले स्कॅनर आणि ते चालवणारी चार माणसं हवीत. तारखेनंतरच्या पहिल्या सोमवारी टपालाचा ढीग बारनिशीत अडकतो, शनिवार-रविवारचं साचलेलं असतं. त्या दिवशी नोडल अधिकाऱ्याने आपल्या खोलीत बसू नये, बारनिशीत बसावं.

८. माणसं, पदं आणि बदल्या

ई-ऑफिसमध्ये कर्मचारी पदाला जोडलेला असतो आणि फाईल पदाच्या खात्यात येते. हे नीट भरा, कारण आपल्याकडे बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे आहे, तोही त्याच २००५ च्या कायद्याप्रमाणे. अधिकारी गुरुवारी कार्यमुक्त होतो, नवा सोमवारी रुजू होतो, आणि मधल्या दिवसांत फाईली कुणाच्याच नसलेल्या खात्यात पडून राहतात. कार्यमुक्तीच्या आदेशाच्या पृष्ठांकनात (प्रत कुणाकुणाला जाणार त्या यादीत) ई-ऑफिस प्रशासकाचं पदनाम घाला. ती प्रत मिळाली की तो त्याच दिवशी पदाची जोडणी बदलतो. रजेसाठी लिंक अधिकारी, म्हणजे त्या काळात फाईली बघणारा, आधीच लावून ठेवा.

स्वाक्षरीचं टोकन, म्हणजे डिजिटल सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण, हा नाजूक विषय. मी पाहिलंय : टोकन स्वीय सहायकाच्या खणात, पिन खणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर. साहेबांच्या नावाने काय काय मान्य होतंय हे साहेबांनाच ठाऊक नसतं. पुस्तकी सूचना इथे चालत नाहीत. एकच सांगा : त्या टोकनने झालेली सही कायद्याने तुमचीच आहे, चौकशीत "मी केली नाही" म्हणता येणार नाही. बहुतेकांना हे खरंच माहीत नसतं. ज्यांना टोकनचा कंटाळा आहे त्यांना आधार-आधारित ई-साईन द्या. ओटीपी स्वतःच्या मोबाईलवर येतो, तो सहायकाला दररोज सांगण्यापेक्षा स्वतः टाकणं सोपं जातं.

प्रशिक्षण सभागृहात शंभर जणांना देऊ नका. एएसओला त्याच्याच टेबलावर, त्याचीच खरी फाईल उघडून, एका बैठकीत शिकवा. उपसचिवांना तिघांच्या गटात, दार बंद करून. कनिष्ठांसमोर चुकायची त्यांना भीती वाटते. आणि शिपायांना विसरू नका. फाईली वाहून नेणाऱ्या माणसाला वाटतं की आपलं काम गेलं. आमच्या बारनिशीत स्कॅनिंगला सगळ्यात तरबेज निघाला तो पंधरा वर्षं फाईली वाहिलेला नाईक. कुठला कागद कुठल्या कार्यासनाचा हे त्याला पाकीट न फोडता कळायचं.

९. काय मोजायचं

पहिल्या महिन्यानंतर वरून विचारणा येते : किती ई-फाईली झाल्या? आकडा मोठा दिसावा म्हणून एएसओ एकेका पत्राची वेगळी फाईल उघडू लागतात. हा आकडा वर पाठवावा लागला तर पाठवा, पण तुम्ही स्वतः दुसरं बघा. दर सोमवारी एकच यादी काढा : ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एकाच पदावर थांबलेल्या फाईली, पदनामासह. ती यादी उपसचिवांच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत वाचायची.

तीन-चार आठवड्यांत लोक तिच्यावर उपाय शोधतात. सहाव्या दिवशी फाईल "चर्चा करावी" असा शेरा मारून खाली येते आणि सातव्या दिवशी "चर्चेनुसार फेरसादर" म्हणून वर जाते. घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून दुसरी यादीही ठेवा : एकाच दोन पदांमध्ये तीनपेक्षा जास्त वेळा ये-जा झालेल्या फाईली. आणि नियम करा की "चर्चेनुसार" एवढंच लिहून चालणार नाही, चर्चेत काय ठरलं ते दोन ओळींत लिहायचं.

दुसऱ्या विभागाकडच्या संदर्भांचं वेगळं लक्षात घ्या. वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक (एका विभागाने दुसऱ्याकडे पाठवलेल्या फाईलला पडणारा क्रमांक) मिळेपर्यंत फाईल तुमच्या यादीत दिसत नाही, पण तीन महिन्यांचं घड्याळ चालूच असतं. बाहेर पाठवलेल्या फाईलींची तिसरी यादी करा. समोरचा विभाग अजून कागदावर असेल तर छापील प्रत पाठवा, पण उत्तर आलं की त्याच दिवशी स्कॅन करून मूळ ई-फाईलला जोडा. नवीन फाईल उघडायची नाही.

नेटवर्क बंद पडतं तेव्हा काय करायचं याची अर्ध्या पानाची सूचना असू द्या. तातडीचं पत्र कागदावर काढता येईल, चालू झाल्यावर चोवीस तासांत सिस्टीममध्ये. जास्त लिहू नका, लोक तीच पळवाट करतात.

१०. यानंतर कुठलं काम घ्यायचं

प्रतिपूर्ती मार्गी लागली की रजा, भविष्य निर्वाह निधीचे अग्रिम, दौऱ्याच्या मंजुऱ्या या क्रमाने जा. ही कामं लहान, ठरावीक आणि मोजता येणारी आहेत. वेतन सेवार्थमध्ये आणि निधी वितरण बीम्सवर, या शासनाच्या वेगळ्या संगणक प्रणालींवर, आधीच चालतं. ते ई-ऑफिसमध्ये ओढायचा प्रयत्न करू नका, फाईलमध्ये त्यांचा संदर्भ क्रमांक लिहिला की झालं. गोपनीय अहवाल महापार या प्रणालीवर आहेत, तेही तिथेच राहू द्या.

सेवापुस्तकांना मात्र पहिल्या वर्षी हात लावू नका. प्रत्येक जण सुचवतो, "ते एकदा डिजिटल झालं की सुटलो." सेवापुस्तकात वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी असतात, वेगवेगळ्या कार्यालयांच्या, वेगवेगळ्या शाईत. काही पडताळलेल्या, काही नाहीत, काही ठिकाणी वेतननिश्चितीचं पानच नाही. स्कॅन केलं की त्या चुका पक्क्या होतात आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी बाहेर येतात. आधी कर्मचाऱ्याला त्याचं पुस्तक दाखवा, नोंदी वाचून सही घ्या, पडताळणी पूर्ण करा, दुय्यम प्रत जुळवा. या कामाला आमच्या आस्थापना कार्यासनाला पूर्ण वर्ष लागलं, आणि त्या वर्षात स्कॅनर एकदाही चालू केला नाही.